स्पॅनिशचा साधा भूतकाळ: 'बोललो' म्हणजे 'आब्लेऽ' हे समीकरण कुठवर चालतं?

सांजवारा

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. विषय फक्त नियमित क्रियापदांचा साधा भूतकाळ, म्हणजे प्रेतेरितो. अनियमित क्रियापदांना इथे आणू नका, त्यांचा पसारा वेगळा आहे.

लिहिण्याची एक सोय आधी ठरवून घेऊ. स्पॅनिशमध्ये आघात कुठे पडतो यावर अर्थ बदलतो आणि देवनागरीत तो दिसत नाही. म्हणून आघात असलेल्या स्वरापुढे अवग्रह लिहू: आऽब्लो म्हणजे 'मी बोलतो', आब्लोऽ म्हणजे 'तो बोलला'.

तीन नमुने पुरतात. आब्लाऽर (बोलणे), कोमेऽर (खाणे), एस्क्रिबीऽर (लिहिणे). शेवटचा आर, एर किंवा ईर काढायचा आणि प्रत्यय लावायचे:

मी: आब्लेऽ / कोमीऽ / एस्क्रिबीऽ
तू: आब्लाऽस्ते / कोमीऽस्ते / एस्क्रिबीऽस्ते
तो, ती, आपण (आदरार्थी): आब्लोऽ / कोम्योऽ / एस्क्रिब्योऽ
आम्ही: आब्लाऽमोस / कोमीऽमोस / एस्क्रिबीऽमोस
तुम्ही (अनेक, स्पेनमध्ये): आब्लाऽस्तेइस / कोमीऽस्तेइस / एस्क्रिबीऽस्तेइस
ते, त्या: आब्लाऽरोन / कोम्येऽरोन / एस्क्रिब्येऽरोन

एर आणि ईर गटांचे प्रत्यय एकच आहेत, त्यामुळे पाठ करायच्या ओळी दोनच. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'साठी शेवटची ओळ वापरतात, म्हणजे पाचवी ओळ तिथे लागतच नाही. जिथे 'तू'साठी 'बोस' म्हणतात तिथेही या काळातलं रूप 'आब्लाऽस्ते'च.

तक्ता पाठ व्हायला वेळ लागत नाही. तरी बोलताना आणि लिहिताना चुका होतात. माझा प्रश्न दुहेरी आहे: (१) रूपं कुठे चुकतात आणि का? (२) मराठीतलं '-ला' रूप (बोललो, पोहोचला, राहिली) आलं की डोळे झाकून प्रेतेरितो वापरावा का? माझं मत: बहुतेक वेळा हो. पण 'बहुतेक'ची हद्द आखून हवी आहे.

चकोर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या अवग्रहातच आहे. सगळ्यात मोठी चूक आघाताची.

वर्तमानातला शेवटचा 'ओ' माझा असतो, भूतातला शेवटचा 'ओ' त्याचा असतो. आऽब्लो, मी बोलतो. आब्लोऽ, तो बोलला. आघात सरकला की काळ आणि पुरुष दोन्ही बदलतात. तसंच 'ए'चं. आऽब्ले म्हणजे 'बोला' (आदरार्थी आज्ञा), आब्लेऽ म्हणजे 'मी बोललो'. त्राबाऽखो हे तर 'मी काम करतो' आणि 'काम' हे नामही आहे, आणि त्राबाखोऽ म्हणजे 'त्याने काम केलं'.

मराठीत आघातावरून शब्दाचा अर्थ फिरत नाही, त्यामुळे आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. उपाय: रूपं एकेकटी म्हणू नयेत, चौकडीने म्हणावीत. आऽब्लो, आब्लोऽ, आऽब्ले, आब्लेऽ. मग काऽन्तो, कान्तोऽ, काऽन्ते, कान्तेऽ. प्रत्येक रूप म्हणताना त्याचा अर्थ मनात धरायचा. आघात म्हणजे आवाज चढवणं नव्हे. ते अक्षर किंचित लांब आणि ठाशीव म्हणायचं, बाकीची अक्षरं पूर्ण पण हलकी.

वेलांटी

चकोर, पूर्ण सहमत. लिहितानाची बाजू जोडते.

स्वरावरची तिरकी रेघ (तिल्दे) कुठे येते हे पाठ करायची गरज नाही, नियमाने काढता येतं. शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो असं स्पॅनिश वाचक गृहीत धरतो. तसं नसेल तरच रेघ. आब्लेऽ आणि आब्लोऽ स्वराने संपतात पण आघात शेवटच्या अक्षरावर, म्हणून रेघ हवीच. आब्लाऽस्ते, आब्लाऽमोस, आब्लाऽरोन यांत आघात अपेक्षित जागीच आहे, म्हणून रेघ नाही. थोडक्यात, 'मी' आणि 'तो/ती' या दोन रूपांवरच रेघ, बाकी चार कोरी.

कोम्योऽ मध्ये रेघ 'ओ'वर द्यायची. ती 'आय'वर दिली तर दोन स्वर तुटतात आणि आघात भलतीकडे जातो.

दिगंत

जुन्या छापील पुस्तकांत 'तो गेला', 'त्याने दिलं', 'त्याने पाहिलं' या एकाक्षरी रूपांवरही रेघ दिसते. ती १९५९ पासून अधिकृत लेखनातून गेली, कारण एका अक्षराच्या शब्दात आघात कुठे हा प्रश्नच उरत नाही. जुना मजकूर वाचणाऱ्याने गोंधळू नये म्हणून सांगितलं. ही रूपं अनियमित असल्याने धाग्याच्या बाहेरची आहेत, त्यामुळे इथेच थांबतो.

अभ्यासू_मुंगी

रेघ टाइप कशी करायची तेही इथेच असू द्या. फोनवर स्पॅनिश कळफलक घेऊन स्वर दाबून धरला की पर्याय उघडतात. विंडोजवर उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी: ऑल्ट दाबून ०२३३ म्हणजे रेघवाला ई (é), ०२३७ म्हणजे आय (í), ०२४३ म्हणजे ओ (ó). या काळाला हे तीनच लागतात. मॅकवर ऑप्शन आणि ई एकत्र दाबून सोडायचं, मग हवा तो स्वर दाबायचा.

रेघ न देता 'आब्लो' लिहिलं तर वाचणारा ते 'मी बोलतो' असंच वाचेल. संदर्भाने कळेल म्हणून सोडून देऊ नका.

रानजाई

दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. 'आऽयेर'सारखे शब्द पाहून काळ ठरवायची यादी बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते: काल, गेल्या आठवड्यात, अचानक आलं की प्रेतेरितो, नेहमी, रोज, पूर्वी आलं की अपूर्ण भूतकाळ (इम्पेर्फेक्तो). नवशिक्यांना तीच द्यावी. मराठीशी तुलना करत बसलं तर बोलण्याचा वेग जातो.

चकोर

@रानजाई, आधी एक बारीक गोष्ट: आघात 'ये'वर, आयेऽर.

यादीबद्दल असहमत. ती पहिले दोन आठवडे चालते, मग आडवी येते. ही वाक्यं पाहा:

'ला सेमाऽना पासाऽदा एस्तुद्येऽ तोऽदोस लोस दीऽआस.' गेल्या आठवड्यात मी रोज अभ्यास केला. 'रोज' आहे, तरी प्रेतेरितो. कारण आठवडा संपला, आणि त्याच्या दोन टोकांमधला सगळा अभ्यास एक गठ्ठा म्हणून सांगितला.

'स्येऽम्प्रे त्राबाखोऽ आकीऽ.' त्याने कायम इथेच काम केलं. 'नेहमी' आहे, तरी प्रेतेरितो, कारण आता ती नोकरी मिटली आणि पूर्ण कारकिर्दीकडे मागे वळून पाहणं चाललं आहे.

उलट 'आयेऽर' असूनही इम्पेर्फेक्तो येतो: 'आयेऽर योबीऽआ क्वाऽन्दो येगाऽमोस.' काल आम्ही पोहोचलो तेव्हा पाऊस पडत होता.

कालवाचक शब्द वेळ सांगतो. काळाची निवड मात्र बोलणाऱ्याने त्या क्रियेला कडा दाखवली की नाही यावर होते. सुरुवात किंवा शेवट दिसत असेल, वा दोन्ही, तर प्रेतेरितो. क्रियेच्या आत उभं राहून आजूबाजूचं सांगत असाल तर इम्पेर्फेक्तो.

मोरपीस

आणि नेमकं इथेच मराठी माणसाला मोठा फायदा आहे. 'बोललो', 'बोलत होतो', 'बोलायचो' ही तीन रूपं आपण विचार न करता वेगळी ठेवतो. आपला साधा भूतकाळ कडा दाखवतो, अपूर्ण आणि रीती भूतकाळ दाखवत नाहीत. म्हणून:

बोललो: आब्लेऽ
बोलायचो, बोलत असे: आब्लाऽबा
बोलत होतो: आब्लाऽबा किंवा एस्ताऽबा आब्लाऽन्दो

तिसऱ्या ओळीतला दुसरा पर्याय सवयीसाठी चालत नाही. 'लहानपणी मी तिच्याशी रोज बोलायचो' इथे फक्त आब्लाऽबा.

इम्पेर्फेक्तोची रूपं त्याहून सोपी: आब्लाऽबा, आब्लाऽबास, आब्लाऽबा, आब्लाऽबामोस, आब्लाऽबाइस, आब्लाऽबान. एर आणि ईर गटात कोमीऽआ, कोमीऽआस, कोमीऽआ, कोमीऽआमोस, कोमीऽआइस, कोमीऽआन. पूर्ण भाषेत या काळात अनियमित क्रियापदं तीनच: असणे, जाणे, पाहणे.

मनात मराठी वाक्य नीट तयार झालं तर निवड आपोआप होते. 'के पासोऽ?' म्हणजे काय झालं? 'के पासाऽबा?' म्हणजे काय चाललं होतं? इतका सरळ जोड सगळ्या भाषांना मिळत नाही.

सांजवारा

@मोरपीस, म्हणजे समीकरण बरोबर आहे असं म्हणता. पण हद्द?

कानामात्रा

हद्दीच्या पाच जागा सांगते. धाग्याचा खरा विषय हाच आहे, म्हणून सविस्तर.

एक, 'तर' आणि 'की'. 'तो आला तर सांगतो' यातला 'आला' भूतकाळ नाही, अट आहे. स्पॅनिशमध्ये 'सी येऽगा', वर्तमानकाळ. इथे 'सी येगोऽ' म्हटलं तर अर्थ होतो 'तो (आधीच) पोहोचला असेल तर'. 'तो आला की सांगतो' हे भविष्याबद्दल आहे, तिथे 'क्वाऽन्दो येऽगे' असं संकेतार्थाचं रूप लागतं. 'क्वाऽन्दो येगोऽ' म्हणजे 'तो आला तेव्हा', घडून गेलेलं.

दोन, 'आलो!' कुणी हाक मारली की आपण 'आलो, आलो' म्हणतो आणि अजून जागचे हललेलोही नसतो. स्पॅनिशमध्ये 'या बोऽइ', म्हणजे शब्दशः 'आता जातो'. इथे 'येगेऽ' म्हटलं तर समोरचा दाराकडे पाहील.

तीन, आत्ताची अवस्था. 'मी थकलो', 'भूक लागली', 'झोप आली' ही मराठीत '-ला' रूपं असली तरी सांगायचं असतं ते आत्ताचं. स्पॅनिशमध्ये वर्तमानकाळ: 'एस्तोऽइ कान्साऽदो', 'तेऽन्गो आऽम्ब्रे', 'तेऽन्गो स्वेऽन्यो'. बाई बोलत असेल तर 'कान्साऽदा'. भूतकाळ वापरला की ऐकणाऱ्याला वाटतं, कालचं काही सांगताय.

चार, कर्त्याशी जुळणी. 'त्याने पत्र लिहिलं', 'त्याने पत्रं लिहिली', 'त्याने चिठ्ठी लिहिली'. आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. स्पॅनिश क्रियापद कर्त्याला सोडत नाही: पत्र एक असो वा दहा, 'एस्क्रिब्योऽ'. पत्रं अनेक आहेत म्हणून 'एस्क्रिब्येऽरोन' होत नाही. त्याचा अर्थ 'त्यांनी लिहिलं'. सकर्मक क्रियापद असलेल्या लांब वाक्यात ही चूक हमखास होते, कारण डोक्यातल्या मराठी वाक्यात 'लिहिली' असतं आणि त्यातलं अनेकवचन हाताला ओढतं.

पाच, लिंग. 'बोलला' आणि 'बोलली' दोन्हींना 'आब्लोऽ'. भूतकाळात स्त्रीलिंगी रूप नाहीच. 'तिच्या'साठी शेवटी 'आ' लावून 'आऽब्ला' केलं तर ते वर्तमानकाळातलं 'ती (किंवा तो) बोलते' होतं.

वेलांटी

कानामात्रा, चौथा मुद्दा फार नेमका. एक पुरवणी: 'आवडणे'च्या बाबतीत उलट मराठीच वाट दाखवते. 'मला पुस्तक आवडलं': 'मे गुस्तोऽ एल लीऽब्रो'. 'मला पुस्तकं आवडली': 'मे गुस्ताऽरोन लोस लीऽब्रोस'. क्रियापद आवडलेल्या वस्तूशी जुळतं, आणि 'मला'च्या जागी 'मे'. वचन जुळवा, लिंग सोडून द्या. इथे 'मी' आहे म्हणून 'गुस्तेऽ' करणं ही इंग्रजीतून येणाऱ्यांची चूक, मराठी माणसाने करायचं कारण नाही.

अभ्यासू_मुंगी

'तू'च्या रूपाबद्दल. 'आब्लाऽस्तेस' असं शेवटी 'स' लावलेलं बरेचदा ऐकू येतं, स्पॅनिश मातृभाषा असलेल्यांकडूनही. ते चालतं का?

दिगंत

बोलीत ऐकू येतं, पण प्रमाण भाषेत चूक मानतात. लेखी परीक्षेत किंवा औपचारिक पत्रात अजिबात नको.

कारण समजून घेण्यासारखं आहे. 'तू'ची बाकी सगळ्या काळांतली रूपं 'स'ने संपतात: आऽब्लास, आब्लाऽबास, आब्लाराऽस. एकट्या या काळाला 'स' नाही, म्हणून बोलणारे तो जोडून मोकळे होतात. मराठी माणसाला तर 'बोललास'मधला 'स' आधीच जिभेवर असतो.

'स' का नाही याचं उत्तर लॅटिनमध्ये आहे. लॅटिन 'आमाविस्ती' (तू प्रेम केलंस) 'स'ने संपत नव्हतं, त्याचंच आक्रसून 'आमाऽस्ते' झालं. 'आमावी'चं 'आमेऽ'. 'आमावित' मधे 'आमाउत' होऊन 'आमोऽ'. मधलं 'वि' आणि त्याच्या आसपासचे स्वर विरघळले आणि आघात उरलेल्या शेवटच्या स्वरावर येऊन बसला. चकोर यांनी सांगितलेला शेवटचा आघात कुठून आला, ते यावरून कळतं. इम्पेर्फेक्तोत लॅटिनचं 'बाम' जवळजवळ जसंच्या तसं राहिलं: 'आमाबाम'चं 'आमाऽबा'.

मोरपीस

नावांचाही घोळ निस्तरून टाका कुणीतरी. एक पुस्तक 'इन्देफिनीदो' म्हणतं, दुसरं 'पेर्फेक्तो सीम्प्ले', तिसरं नुसतं 'प्रेतेरितो'.

दिगंत

तिन्ही एकाच काळाची नावं. स्पेनमधल्या शिकवण्यांत 'प्रेतेरितो इन्देफिनीदो' रुळलेलं आहे. स्पॅनिश अकादमीचं आजचं नाव 'प्रेतेरितो पेर्फेक्तो सीम्प्ले'. आन्द्रेस बेयो यांनी १८४७ च्या त्यांच्या व्याकरणात याला फक्त 'प्रेतेरितो' आणि अपूर्ण भूतकाळाला 'कोप्रेतेरितो' म्हटलं. 'को' म्हणजे सोबतचा: दुसऱ्या घडलेल्या क्रियेच्या सोबतीने चालू असलेला. मेक्सिकोच्या शाळांत ही जोडी अजून चालते. मला तरी बेयो यांचं नाव सर्वांत अर्थपूर्ण वाटतं. 'योबीऽआ क्वाऽन्दो येगाऽमोस' मध्ये पाऊस पोहोचण्याच्या सोबतीने पडतो आहे, हे नावातच आलं.

रानजाई

यादीचा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. ऐन बोलताना कुणी कडा मोजत नाही, तेव्हा 'आयेऽर आब्लेऽ कोन...' अशी तयार जोडी तोंडात असलेली बरी. पण चकोर यांची 'तोऽदोस लोस दीऽआस' असलेली वाक्यं यादीसोबतच शिकवायला हवीत, हे मान्य.

आता वेगळा मुद्दा. 'आम्ही'च्या रूपात वर्तमान आणि भूत सारखेच दिसतात: आब्लाऽमोस. मग ऐकणाऱ्याला कसं कळतं?

चकोर

संदर्भाने. सोबत 'आयेऽर' किंवा आसपास दुसरं भूतकाळी क्रियापद असतं. आर गटात सारखेपणा आहे, ईर गटातही: एस्क्रिबीऽमोस दोन्हीकडे. एर गटात मात्र फरक आहे: कोमेऽमोस, आम्ही खातो, कोमीऽमोस, आम्ही खाल्लं. इथे 'ए' आणि 'ई' स्वच्छ वेगळे म्हणा. घाईत दोन्हींचं मधलंच काहीतरी होतं आणि मग संदर्भही मदत करत नाही.

वेलांटी

'नियमित' म्हटल्या जाणाऱ्यांतही लेखन बदलणारे तीन गट आहेत. उच्चार नियमितच राहतो, तो टिकवण्यासाठीच अक्षर बदलतं. फक्त 'मी'च्या रूपात:

बुस्काऽर (शोधणे): 'सी'च्या जागी 'क्यू-यू', बुस्केऽ. 'सी' तशीच ठेवून पुढे 'ई' आली तर वाचणारा 'बुसेऽ' वाचेल.
येगाऽर (पोहोचणे): 'जी'नंतर 'यू' घालायचा, येगेऽ. नाहीतर 'येखेऽ' होतं.
एम्पेसाऽर (सुरू करणे): 'झेड'च्या जागी 'सी', एम्पेसेऽ. स्पॅनिश लेखनात 'ई'च्या आधी 'झेड' सहसा टिकत नाही.

'तो'च्या रूपात शेवटी 'ओ' येतो, तिथे काही बदलत नाही: बुस्कोऽ, येगोऽ, एम्पेसोऽ.

कानामात्रा

त्याला जोडून, मूळ स्वर फुटणारी क्रियापदं. वर्तमानकाळात पेन्साऽरचं 'प्येऽन्सो' होतं, बोल्बेऽरचं 'ब्वेऽल्बो', एम्पेसाऽरचं 'एम्प्येऽसो'. भूतकाळात हे फुटणं नाही: पेन्सेऽ, बोल्बीऽ, एम्पेसेऽ. कारण साधं आहे. स्वर आघाताखाली आला तरच फुटतो, आणि या काळात आघात प्रत्ययावर गेलेला असतो. 'प्येन्सेऽ' असं काही नसतं.

ईर गटाला अपवाद: पेदीऽर (मागणे) चं पेदीऽ, पेदीऽस्ते, पण पिद्योऽ, पिद्येऽरोन. दोर्मीऽरचं दुर्म्योऽ, दुर्म्येऽरोन. बदल फक्त तृतीय पुरुषात. आणि लेएऽर (वाचणे) सारख्यांत दोन स्वरांच्या मध्ये अडकलेल्या 'इ'चा 'य' होतो: लेयोऽ, लेयेऽरोन. बाकी रूपांत 'आय'वर रेघ येते: लेईऽस्ते, लेईऽमोस.

अभ्यासू_मुंगी

'ते'चं रूप नीट पाठ करायला आणखी एक कारण आहे. आब्लाऽरोन मधला 'रोन' काढून 'रा' लावला की 'आब्लाऽरा' हे भूतकालीन संकेतार्थाचं रूप तयार होतं, पिद्येऽरोन चं पिद्येऽरा. ही रीत एकाही क्रियापदाला अपवाद नाही, अनियमितांनाही नाही. आज हे रूप पक्कं केलं की पुढचा अख्खा काळ फुकट मिळतो.

मोरपीस

'ए आब्लाऽदो' बद्दल कुणीच बोललं नाही. 'मी बोललो आहे' याचं ते सरळ भाषांतर ना?

रानजाई

रूप म्हणून हो, वापर देशागणिक बदलतो. स्पेनच्या बऱ्याच भागात जो कालखंड अजून चालू आहे (आज, या आठवड्यात, आज सकाळी) त्यातल्या घटनेला 'ए आब्लाऽदो' म्हणतात आणि कालच्याला 'आब्लेऽ'. लॅटिन अमेरिकेच्या बहुतेक भागात आज सकाळच्या घटनेलाही 'आब्लेऽ'. स्पेनमध्येच गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवरही साध्या रूपाकडेच कल आहे.

शिकणाऱ्याने एका भागाची रीत धरावी. दोन्हीकडे तुमचं बोलणं कळेल. मात्र 'आयेऽर ए आब्लाऽदो' टाळा. संपलेल्या 'काल'शी हे रूप प्रमाण भाषेत जमत नाही.

चकोर

कानामात्रांच्या पाच जागांत मी सहावी जोडतो, आणि माझ्या मते ती सगळ्यांत निसरडी आहे.

मराठीत 'मी दोन तास तिच्याशी बोलत होतो' पूर्ण बरोबर आहे. 'बोलत होतो' दिसलं म्हणून मोरपीस यांच्या तक्त्याप्रमाणे 'आब्लाऽबा दोस ओऽरास' केलं की चुकलं. 'दोन तास' मोजून दिले म्हणजे क्रियेला दोन्ही कडा मिळाल्या, मग 'आब्लेऽ दोस ओऽरास'. चालू असण्यावर जोर हवा असेल तर 'एस्तूऽबे आब्लाऽन्दो दोस ओऽरास', यात सहायक क्रियापद प्रेतेरितोत जातं. 'आब्लाऽबा दोस ओऽरास' फक्त सवयीसाठी उरतं: रोज दोन तास बोलायचो.

तेव्हा '-ला दिसलं की प्रेतेरितो' याला पाच अपवाद, आणि 'त होतो दिसलं की इम्पेर्फेक्तो' याला हा एक. अवधी मोजलेला दिसला की थांबून पाहा.

कानामात्रा

उत्तम. आणखी एक शब्द देते जिथे रूप नियमितच आहे पण अर्थ सरकतो. कोनोसेऽर. 'ला कोनोसीऽआ' म्हणजे मी तिला ओळखत होतो. 'ला कोनोसीऽ' म्हणजे तिची-माझी ओळख झाली, पहिली भेट. ओळख असणं ही स्थिती, तिची कड दाखवली की सुरुवात दिसते. मराठीत आपण वेगळं क्रियापद घेतो, स्पॅनिश काळ बदलून काम भागवतं.

आता सरावासाठी एक परिच्छेद. कुणीही सोडवा:

'रात्रीचे दहा वाजले होते. पाऊस पडत होता. आम्ही स्टेशनवर पोहोचलो. ती फलाटावर पत्र वाचत होती. तिने पत्र ठेवून दिलं आणि आमच्याशी बोलली. ती पाच वर्षं त्या शहरात राहत होती.'

सांजवारा

प्रयत्न:

'एऽरान लास द्येस दे ला नोऽचे. योबीऽआ. येगाऽमोस आ ला एस्तास्योऽन. एऽया लेईऽआ ऊऽना काऽर्ता एन एल आन्देऽन. ग्वार्दोऽ ला काऽर्ता इ आब्लोऽ कोन नोसोऽत्रोस. बिब्योऽ सीऽन्को आऽन्योस एन एऽसा स्युदाऽद.'

शेवटच्या वाक्यात चकोर यांच्या सूचनेप्रमाणे अवधी दिसल्यावर प्रेतेरितो घेतला.

वेलांटी

पहिली पाच वाक्यं चोख. 'वाजले होते' याला पूर्णभूतकाळ न करता 'एऽरान' घेतलं हे विशेष. भूतकाळातली घड्याळाची वेळ इम्पेर्फेक्तोतच सांगतात.

आणखी एक पाहा: 'लेईऽआ' च्या जागी 'लेयोऽ' घेतलं असतं तर आम्ही पोहोचल्यावर तिने पत्र वाचलं असा क्रम झाला असता. एका अक्षराने चित्र बदलतं.

शेवटच्या वाक्यावर मात्र मला शंका आहे. ती तेव्हा त्या शहरात राहतच होती ना?

चकोर

तेच मराठी वाक्यातून ठरत नाही. दोन वाचनं आहेत. पाच वर्षं राहिली आणि मग ते शहर सोडलं, तर 'बिब्योऽ सीऽन्को आऽन्योस' बरोबर. आम्ही पोहोचलो त्या रात्री तिला तिथे राहून पाच वर्षं झाली होती आणि राहणं चालूच होतं, तर पुढची कड दिसत नाही, म्हणून: 'आसीऽआ सीऽन्को आऽन्योस के बिबीऽआ एन एऽसा स्युदाऽद.' आत्ताबद्दल असतं तर हेच वर्तमानात गेलं असतं, 'आऽसे सीऽन्को आऽन्योस के बीऽबे'.

कानामात्रा

परिच्छेदात ती अजून तिथेच राहते असं धरलं होतं, म्हणून 'आसीऽआ... के बिबीऽआ'. पण मराठीवरून दोन्ही निघतात, तेव्हा सांजवारा यांचं उत्तर चूक म्हणता येणार नाही. अशा जागी मराठी वाक्यच आधी सुटं करून घ्यायचं: 'राहिली' की 'राहून पाच वर्षं झाली होती'. ते ठरलं की काळ ठरला.